एकाच सेटला दोन कापडं

सोफ्याला नवी कव्हरं शिवायची ठरली तेव्हा माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मी ते आधीच देऊन टाकलं. फुलं नकोत, पट्टे नकोत, आणि सध्या ज्याच्या त्याच्या घरात दिसतो तो राखाडी तर मुळीच नको. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आहे मी. निदान रंगाच्या बाबतीत तरी या घरात माझं चालावं, एवढीच माफक अपेक्षा. बायको म्हणाली, "अहो, बसायचंय त्यावर. प्रदर्शनात नाही मांडायचा."

सेट जुना, पण लाकूड खणखणीत. एक लांब सोफा आणि दोन खुर्च्या, एक माझी, एक तिची.

राहतं घर विकून झालं होतं. आम्ही दोघं, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, सगळे एकमेकांच्या पायात येत होतो. सह्या केल्या त्या दिवशी थोरला म्हणाला, "बाबा, आता सगळ्यांची नीट सोय होईल." मी खूश. मोठं घर, लिफ्ट, प्रत्येकाला आपापली खोली. सोफा कुठल्या भिंतीला लावायचा हेसुद्धा मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. घर दाखवा की रे, असं दोनतीनदा म्हणालो. रंगकाम चालू आहे म्हणाले. रंगकामात लुडबुड करणारा म्हणून माझी ख्याती आहेच, त्यामुळे मला ते पटलंही.

रविवारी सकाळी कव्हरवाले मास्तर आले. गळ्यात टेप, काखेत कापडाच्या नमुन्यांचा जाडजूड गठ्ठा, माणूस भलताच बोलघेवडा. मुलं, सुना, सगळे बसायच्या खोलीत हजर. मी चष्मा पुसून एकेक नमुना उजेडात धरून पाहिला आणि त्यातला पानासारखा गर्द हिरवा बाजूला काढला.

"हा. डोळे मिटून हा."

"छान आहे, बाबा," थोरली सून म्हणाली आणि तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी फोनमध्ये बघत होती. कुणी वाद घातला नाही. मला वाटलं, जिंकलो.

मास्तर मात्र गोंधळले. "पण काका, कापडं तर ठरलीत ना? दोघी वहिनी दुकानात येऊन पसंत करून गेल्या. सोफा आणि काकूंची खुर्ची बदामी. तुमची खुर्ची गडद निळी."

झालं. माझा पारा चढला. एकाच सेटला दोन कापडं? सर्कस आहे का ही? उद्या माझ्या शर्टाला एक बाही पिवळी लावाल आणि म्हणाल, फॅशन आहे! मी बदामी आणि निळ्याचं पार पोस्टमॉर्टम केलं. एरवी माझं असं सुरू झालं की सुना तोंडाला पदर नाही तरी हात लावून हसतात. त्या दिवशी कुणी हसेना. थोरल्याकडे वळून म्हणालो, "अरे, तू तरी सांग यांना." तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

मास्तर बिचारे मदतीला धावले. "काका, दोन वेगळ्या घरांत जायचंय ना सामान. ज्या त्या घराच्या भिंतीप्रमाणे कापड. मी दोन्हीकडे जाऊन बघून आलोय. चांगली आहेत घरं."

एवढं बोलल्यावर त्यांच्याही लक्षात आलं. ते खाली बसून सोफ्याच्या पायाचं माप घ्यायला लागले.

"दोन घरं?" मी विचारलं.

धाकट्याने घसा साफ केला. "आम्ही सांगणारच होतो, बाबा. आलेल्या पैशांत मोठं एक घर बसेना. म्हणून दादाचं तिकडे, माझं इकडे. दोन्हीकडे एकेकच जादा खोली आहे. लहान आहे, एक पलंग मावतो."

"आई आमच्याकडे," थोरली म्हणाली. "मुलांना त्यांचीच सवय आहे. आणि तुम्ही भाऊजींकडे. तळमजला आहे, जिन्याचा त्रास नाही."

"अंतर फार नाही," धाकटी म्हणाली. "रस्ता मोकळा असला तर दीड तास."

मी बायकोकडे पाहिलं. आता ही उठेल, पोरांची चांगली खरडपट्टी काढेल, याची मी वाट बघत होतो. या घरात ओरडतो मी, पण घाबरतात सगळे तिला. ती मांडीवर बदामी तुकडा घेऊन त्याची सुरकुती काढत होती. ती दचकलीच नव्हती. माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा.

मुलं, सुना सगळे हळूच आतल्या खोलीत गेले. मास्तरही फोनचं निमित्त करून बाहेर सटकले.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"महिना झाला."

"आणि तू हो म्हणालीस?"

"भांडले मी. तुम्ही फिरायला गेलात की रोज भांडत होते. मग थोरला म्हणाला, ठीक आहे आई, तुम्ही दोघं मिळून कुणाकडे राहणार ते तूच ठरव. मी धाकट्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. सुनांकडे पाहिलं. कुणी बोलेचना हो." तिने मांडीवरचा तुकडा दुमडला. "आपण दोघं मिळून कुणालाच नको होतो. एकेकटे चालत होतो."

"मला सांगायचंस तरी."

"काय करणार होतात? सह्या तर तुम्हीच करून बसला होतात. घर डोक्यावर घेतलं असतंत, आणि मग त्याच सुनेच्या हातचं खाऊन राहायचं होतं तुम्हाला."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "निदान दोन्ही खुर्च्यांना तो हिरवा लावूया. घरं दोन झाली तर होऊ देत. खुर्च्या तरी एका कापडाच्या."

"तुम्ही हिरवाच काढणार हे ठाऊक होतं, मागेच विचारलं मी. धाकटीच्या भिंतीवर तो बरा दिसत नाही म्हणे." मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचा निळा मीच तिला घ्यायला लावला. तिने पांढरट काढला होता. तुम्ही चहा सांडता. तिथे डाग पुसायला मी नसणार, आणि उगाच बोलणी बसतील तुम्हाला."

मी राग यायची वाट पाहिली. तो आलाच नाही. नुसतं रडू येत होतं, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल म्हणून तेही गिळावं लागत होतं. एवढा असहाय मी कधीच झालो नव्हतो.

मास्तर दारातून डोकावले. "काका, काकू, जरा आपापल्या खुर्चीत बसता का? माणूस बसला की फोम दबतो, माप बदलतं."

आम्ही बसलो. नेहमीसारखे शेजारी शेजारी, ती माझ्या उजव्या बाजूला. मास्तरांनी दोघांच्या पाठीची, बैठकीची मापं घेतली आणि मग दोन्ही खुर्च्यांच्या हातांवरून बोटं फिरवली.

"तुमच्या खुर्चीचा उजवा हात पार झिजलाय, काका. आणि काकूंच्या खुर्चीचा डावा. बाहेरचे दोन्ही अजून नव्यासारखे आहेत. एकमेकांकडे झुकून बसता वाटतं?" ते हसले. गिऱ्हाइकाशी हसून बोलायची सवयच ती. "या आतल्या दोन्ही हातांना मी खालून जादा कापड लावतो. नाहीतर वर्षभरात पुन्हा विरेल."

बायकोने आपल्या खुर्चीच्या त्या हातावर तळवा ठेवला.

"नको, मास्तर," ती म्हणाली. "आता शेजारी कुणी नसणार. नाही झिजायचं ते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत सगळे कान देऊन होते. माझा आवाज कधी चढतो याची वाट बघत असावेत.

"नकोच," मी म्हणालो. "ती म्हणते ते बरोबर आहे."