देवरामची खाट

देवराम हिलम कधी मरतो याची चौकशी साईनाथ रोज करायचा, आणि येताना केळी घेऊन यायचा.

"काय बाबा, आज बरं वाटतंय ना?" तो दारातून वाकून विचारी. मग तो देवरामच्या बायकोकडे, हौसाबाईकडे वळे. "आजी, खातात का काही? नाही? च्च. घसा ओला ठेवा हां." एवढं बोलून तो फाटकापाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसे आणि मोबाइलवर कोणाला तरी सांगे, "आहे अजून. पण चाललाय."

साईनाथ ठाकुर्लीचा, एका सुरक्षा एजन्सीत सुपरवायझर. शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला एक टेकाड आहे, त्याला पत्र्याचं कुंपण घातलेलं होतं आणि कुंपणावर एजन्सीचे रखवालदार होते. त्यांतला एक विकी, हौसाबाईचा मुलगा. टेकाडावर पूर्वी कातकऱ्यांची वाडी होती. बाकीची घरं एकेक करून उठली. कोणी खोली मिळाली म्हणून गेलं, कोणी कंटाळून. राहिली ती फक्त हिलमांची झोपडी, आणि तिच्यासाठी कल्याणच्या कोर्टात चाललेला दावा. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे ठेवायचं, असा कोर्टाचा हुकूम होता. पुढच्या महिन्यात कोर्टाचा माणूस पाहणीला येणार होता. झोपडी उभी असली, चूल पेटलेली असली, तर दावा जिवंत राहणार होता.

टेकाडाला अजूनही चांदमारी म्हणत. गोऱ्यांच्या राज्यात रेल्वेतल्या साहेबलोकांची एक हौशी पलटण होती. संप झाला, दंगा झाला, तर सरकारच्या हाताशी बंदुका असाव्यात म्हणून उभी केलेली. रविवारी सकाळी ही मंडळी नेमबाजीला येत. नेमबाजीला टेकाड लागतं, म्हणून टेकाड सरकारजमा झालं. देवरामचा आजा तक्रार घेऊन कचेरीत गेला, तर खुर्चीत बसलेला मॅजिस्ट्रेट हाच पलटणीचा कप्तान होता, आणि जमीन घेण्याच्या हुकुमावर सहीही त्याचीच होती. त्याने तक्रार शांतपणे ऐकली, फेटाळली, आणि दया म्हणून आजाला चांदमारीवर कामाला ठेवलं. गोळ्या थांबल्या की खड्ड्यातून वर यायचं आणि फळीला भोक कुठे पडलं ते काठीने दाखवायचं. एका रविवारी गोळ्या थांबल्या नव्हत्या. आजाचा हात कोपरापासून गेला. त्याचीही फिर्याद त्याच खुर्चीसमोर चालली.

राज्य गेलं, पलटण गेली. टेकाड सरकारकडेच राहिलं, आणि आता ते घरं बांधणाऱ्या एका कंपनीला भाडेपट्ट्याने दिलं होतं.

या वाडीची एक रीत होती. घरात माणूस मेलं की ते घर ठेवायचं नाही. दहावा झाला की मुलाने पहिली मेढ, म्हणजे घराचा खांब, उपटायची, मग बाकीच्यांनी कूड पाडायचा, आणि चुलीचे दगडसुद्धा तिथेच सोडून दुसरीकडे नवं घर बांधायचं. मेलेला माणूस जुन्या घरात राहतो. त्याच्या घरात राहणं म्हणजे त्याला हुसकणं. जुन्या काळी यात काही अवघड नव्हतं. चार कारव्या, थोडा पेंढा, आणि जागा मुबलक. आता झोपडी एकदा मोडली की दुसरी बांधायला कोर्टाची मनाई होती.

ही रीत साईनाथला विकीनेच सांगितली होती, चहा पिताना, सहज. साईनाथने चहाचे पैसे दिले होते.

दाव्याचं काम डोंबिवलीची वकीलबाई विनिता फुकट बघे. हौसाबाईने तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने हातातली फाइल मिटून ठेवली.

"मावशी, हॉस्पिटलात नेऊया त्यांना."

"नेलेला. डाक्टर बोलला, घरी न्या, आता काय नाय."

"मग... घराबाहेर झालं तर चालतं का तुमच्यात?"

"भाईर चालतं. आभाळाखाली मेला तर घराला काय नाय."

विनिताने मान खाली घातली. माणूस कुठे मरावा याचा सल्ला द्यायची वेळ तिच्यावर याआधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईने खाट ओढत ओढत अंगणात आणली. देवराम खाटेवर होताच. हाडांचं ओझं ते काय. थंडीचे दिवस होते. त्याने डोळे उघडले, वर आभाळ बघितलं आणि त्याला कळलं.

"मना आत ने," तो म्हणाला.

"नाय."

"गार लागतंय गं."

"लागू दे."

तिने त्याच्यावर गोधडी घातली, तिच्यावर पोतं घातलं आणि उशाशी बसली. तो दिवसभर मागत राहिला आणि ती दिवसभर नाही म्हणत राहिली. एकदा त्याने तिला शिवी दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही शिवी त्याने तिला कधी दिली नव्हती. तिने त्याच्या तोंडात पाणी घातलं.

दुपारी साईनाथ आला. खाट बघून तो जागीच थांबला, मग हसला.

"वा आजी! डोकं कोणाचं, वकीलबाईंचं?"

"ऊन खाऊ दे त्याला."

"खाऊ दे की. माझं काय जातं? पण हुकूम काय आहे? जैसे थे. झोपडी आहे हुकुमात, अंगण नाही. अंगण कंपनीचं. उद्या तुम्ही अंगणात खाट टाकाल, परवा मांडव टाकाल. मला वर जाब द्यावा लागतो."

"मग फाटकाभाईर नेते."

"न्या ना. मी लिहून ठेवतो, घर सोडून गेले." त्याने मागे वळून हाक मारली. "विकी! ए विकी, इकडे ये. बाबांना आत घे."

विकी आला. निळा शर्ट, खांद्यावर एजन्सीची पट्टी, हातात काठी. त्याने आईकडे बघितलं नाही.

"सर, संध्याकाळपर्यंत राहू द्या ना."

"तुझा बाप आहे म्हणून तुला सांगतोय, प्रेमाने उचलशील. दुसऱ्याला सांगू? तो यूपीवाला ओढत नेईल." साईनाथचा आवाज चढला नव्हता. "आणि तुला नको असेल नोकरी तर तसं बोल, भाई. टेकाडावर राहायचा हक्क असलेले मला बरेच भेटतात. ड्यूटी करणारे मिळत नाहीत."

हौसाबाई खाटेवर आडवी पडली, नवऱ्याच्या अंगावरच. तिच्याखाली देवराम कण्हला. विकीने काठी खाली ठेवली, आईचे दोन्ही दंड धरले आणि तिला बाजूला केलं. ती हलकी होती. मग त्याने खाटेचं उशाकडचं टोक धरलं, दुसऱ्या रखवालदाराने पायाकडचं. दारातून जाताना खाट अडकली, म्हणून ती तिरकी करावी लागली.

आत गेल्यावर देवराम बरं वाटल्यासारखा सुस्कारला. "आलो," तो म्हणाला. त्याला वाटलं, बायकोने ऐकलं. उन्हं उतरायच्या आत तो गेला.

दहाव्याला हौसाबाईच्या बहिणीकडची माणसं टिटवाळ्याहून आली. झोपडी मोडायला म्हणून कोयते घेऊनच आली होती. हौसाबाई दारात आडवी बसली.

"नाय मोडायची."

"तुना येड लागलं काय? त्यो आत हाय."

"असू दे. मीबी आत हाय."

त्यांनी विकीला बोलावलं. पहिली मेढ त्याची. विकी फाटकावरून हलला नाही, ड्यूटी आहे म्हणाला. मंडळी कुंपणाबाहेर उन्हात थोडी बसली, तिच्या घरचं पाणी न पिता उठली, आणि नंतर त्यांच्यातलं कोणीच आलं नाही.

हौसाबाई त्या झोपडीत राहिली. जेवताना ती खाटेकडे पाठ करत नसे. चूल फुंकताना हळूच फुंकायची. भीती तिला वाटत होतीच. रीत खोटी आहे असं तिला एक क्षणही वाटलं नव्हतं. पाहणीला माणूस आला तेव्हा चुलीवर भात होता. त्याने फोटो काढले आणि तो गेला. विनिताने फोनवर सांगितलं, "मावशी, जिंकलो आपण बहुतेक."

तारखेला कोर्टात कंपनीच्या वकिलाने विकीला समोरच्या पिंजऱ्यात साक्षीला बोलावलं. हौसाबाईची साक्ष आधीच झाली होती. पण दोघांना समोरासमोर विचारायचं म्हणून तिला पिंजऱ्यातच उभं ठेवलं होतं.

"तुमच्या वाडीत घरात मयत झालं तर काय करतात?"

"घर मोडतात," विकी म्हणाला.

"वडील कुठे वारले?"

"घरात."

"घर मोडलं?"

"नाही."

"कोण राहतं तिथे?"

"आय."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, दावा आहे रूढीचा. आम्ही कातकरी, आमच्या रूढीप्रमाणे आम्ही इथे नांदतो. रूढी तर यांनी स्वतःच सोडली. मग हक्क कसला राहिला?"

विनिता ताडकन उभी राहिली. "आणि घर मोडलं असतं तर हेच म्हणाले असते की घरच नाही!"

"पण मोडलं नाही ना, मॅडम," वकील म्हणाला. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं.

विनिताने विकीला उलट विचारलं, "वडिलांची खाट अंगणात होती. ती आत कोणी नेली? कोणाच्या सांगण्यावरून?"

विकीने मागे बघितलं. साईनाथ दाराजवळ उभा होता आणि नखं बघत होता.

"बाबांना थंडी वाजत होती," विकी म्हणाला. "आत न्या म्हणाले. मी नेली."

ते खोटंही नव्हतं.

न्यायाधीशांनी थोडा वेळ चष्मा पुसला. मग लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. हौसाबाईला त्यातलं फारसं समजलं नाही. विनिताचा चेहरा बघून समजलं. जैसे थेचा हुकूम उठला होता. शिपायाने पुढच्या दाव्याचं नाव पुकारलं, दुसरी माणसं पुढे सरकली, कागद सरकले. हौसाबाई पिंजऱ्यात तशीच उभी होती. तिला खाली उतरायला कोणी सांगितलं नव्हतं.

विकी जवळ गेला. गणवेश त्याच्या अंगावर होता. कोर्टातून त्याला परत ड्यूटीवर जायचं होतं.

"आय, झालं. उतर."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, पट्टीकडे, बिल्ल्याकडे. मग पदर सावरला.

"उतरते, साहेब," ती म्हणाली, आणि त्याचा पुढे आलेला हात न धरता कठड्याला धरून खाली आली.