वरची पट्टी

कंपनीच्या माणसाने हेडफोन कानाला लावला आणि अर्ध्या मिनिटात चटका बसावा तसा काढून हातात धरला.

"हे असंच आहे?" त्याने विचारलं.

"असंच म्हणजे कसं? बायकोने जिथे सोडलं तिथेच आहे. मी हात लावलेला नाही."

त्याने हेडफोन परत लावला. डोळे बारीक केले, दात आवळले आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. दाराला टेकून खार उभी होती, ती जमिनीकडे बघत होती.

खार म्हणजे माझ्या बायकोची शिष्या. बसल्याजागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून बायकोने तिचं नाव खार ठेवलं होतं. कंपनीच्या माणसाला तीच ओळखत होती, म्हणून तिलाही बोलावलं होतं. तो रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतून आला होता. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि तिचं शेवटचं काम त्याला बाहेर काढायचं होतं. मलाही तेच हवं होतं. शेवटच्या वर्षात तिने तेवढंच केलं. बाकी सगळं वर्ष दवाखान्यात आणि ओकाऱ्या काढण्यात गेलं. हेही पडून राहिलं असतं तर त्या वर्षात आजाराशिवाय काहीच उरलं नसतं.

बायको फोनच्या ऑफिसात, म्हणजे टेलिफोन एक्सचेंजमध्ये, लाइनी तपासायची. दिवसभर कानाला रिसीव्हर, घरी आली की मागच्या खोलीत कानाला हेडफोन. माझी आई म्हणायची, या सुनेला चार शब्द ऐकवायचीही सोय नाही, हिचे कान कायम बांधलेले. त्या खोलीत तिने जुन्या बाजारातून एकेक मशीन आणून ठेवलं आणि त्यावर नाचायचं संगीत केलं. पण ते लग्नात वाजत नाही, रेडिओवर लागत नाही. गोदामं, तळघरं, जिथे दारावर पाटी नसते, तिथे पोरं त्यावर उजाडेपर्यंत नाचतात. तिच्या रेकॉर्डवर नाव नसायचं, मधोमध नुसता पांढरा कागद. तरी त्या जगात तिला सगळे ओळखायचे. एक्सचेंजवाली म्हणायचे.

रविवारी दुपारी चार-पाच जण शिकायला यायचे. आपापलं काम ऐकवायचे. ती म्हणायची, "यातलं अर्धं काढ." पोरगं रडकुंडीला यायचं. पुढच्या रविवारी काढून आणलं की म्हणायची, "हां, आता तू काय म्हणतोयस ते ऐकू येतंय." त्यातले काही आज मोठे झालेत, त्यांच्याकडे दुसरे शिकायला जातात. खार म्हणते की तिसऱ्या पिढीच्या पोरांच्या कामातही काकूंचा हात कळतो. मला त्यातलं समजत नाही. माझं आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर गेलं.

कंपनीच्या माणसाने हेडफोन खाली ठेवला. कपाळाला घाम आला होता.

"काका, हे भयंकर आहे. चांगल्या अर्थाने म्हणतोय. ती वरची शिट्टी... सुरू होते ती थांबतच नाही. डोक्यात खिळा ठोकल्यासारखी. बाईंनी आजारपणात हे केलंय हे कळलं ना, पोरं वेडी होतील. पुढची दहा वर्षं सगळे हेच करत बसतील."

शिट्टी म्हणजे काय ते मला कळलं नाही. त्यांच्या धंद्यातला शब्द असेल, असं वाटलं.

"काका, हे बाहेर नका काढू," खार म्हणाली.

"का?"

तिने त्याच्याकडे बघितलं. कंपनीचा माणूस हसला. "थोडं फोनवर घेतो हं, ऑफिसात ऐकवायला," म्हणाला. मी घ्या म्हटलं. त्याने घेतलं, कागद घेऊन पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मी खारीला सुनावलं. "तिच्याकडेच शिकलीस ना? तुझे रेकॉर्ड निघतात तेव्हा मी पेढे मागतो ना? आता तिचा निघतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

ती वाद घालणारी पोरगी आहे, पण त्या दिवशी घातला नाही. खुर्ची ओढून तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"बसा, काका. हे आवाजाचं चित्र आहे. खाली जाड आवाज, वर बारीक. हा खालचा ठोका ऐकू येतोय?"

"येतोय."

"आणि हे मधलं, भांड्यावर थेंब पडल्यासारखं?"

"येतंय. मी काय बहिरा आहे?"

तिने बोट वर नेलं. तिथे एक पांढरी पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. "आता मी बाकीचं सगळं बंद करते. फक्त ही ठेवते."

तिने काहीतरी दाबलं. तिचा एक डोळा मिटला आणि जबडा घट्ट झाला. मी वाट बघत बसलो.

"लाव ना," मी म्हणालो.

"लागलंय, काका."

मी स्पीकरला हात लावून बघितला. तिने पट्टी बंद केली तेव्हा तिचे खांदे खाली आले. माझ्यासाठी आधी आणि नंतर सारखंच होतं.

"तुमचे बारीक आवाज गेलेत," ती म्हणाली. "लेथमुळे असेल, वयामुळे असेल. काकूंना माहीत नव्हतं?"

"मी बहिरा आहे हे तिला माहीत होतं. पण ती म्हणायची, कामाचं सांगितलं तेवढंच याला ऐकू येत नाही. सगळ्याच नवऱ्यांचं असतं, म्हणायची."

खारीला हसू आलं आणि लगेच गेलं. "काकूंनी हा आवाज पाच सेकंद सहन केला नसता. माझ्या कामात याच्या निम्मा होता तर मला घरी पाठवलं होतं, कान धुऊन ये म्हणून. त्यांनी हा ठेवला नाही, काका. त्यांना तो ऐकूच आला नाही."

मला थर्मामीटर आठवला. तिला ताप आला की मी तो लावायचो आणि आम्ही दोघं तो वाजायची वाट बघत एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचो. वाजायचाच नाही. बिघडला म्हणून मी दुसरा आणला, तोही वाजेना. दुकानदाराशी भांडून तिसरा आणला. "हल्लीच्या वस्तूच अशा," ती म्हणायची आणि काखेतून काढून आकडा वाचायची. औषध सुरू करतानाच डॉक्टर म्हणाले होते की यानं कानावर थोडा परिणाम होतो. एवढ्या सगळ्यात कानाचं कोण लक्षात ठेवतं?

तिने ठेवलं होतं. कारण त्याच सुमारास तिने रविवार बंद केले. पोरांना सांग थकवा आलाय, म्हणाली. आणि रोज संध्याकाळी मला मागच्या खोलीत बोलवायला लागली. इतक्या वर्षांत तिने मला कधी काही ऐकवलं नव्हतं. मला वाटलं, आता वेळ कमी आहे, म्हणून जवळ बसवून घेते. मी खूश असायचो. ती लावायची आणि विचारायची, "कुठे टोचतंय का?"

"नाही."

"नक्की? वरच्या बाजूला?"

"नाही गं. छान आहे."

मग ती मान हलवायची आणि पुढचं काम करायची. सगळ्या जगात ज्याला विचारून उपयोग नव्हता अशा एकाच माणसाला ती विचारत होती.

हे मी खारीला सांगितलं. ती बराच वेळ वायर बोटाला गुंडाळत बसली.

"ही पट्टी तू काढू शकतेस?" मी विचारलं.

"काढू शकते. पण ती काढली की मधलं उघडं पडतं. तिथे काकूंनी काय केलं असतं हे मला माहीत नाही. मी करेन तो माझा अंदाज असेल. नाव त्यांचं आणि अंदाज माझा, असं नको."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या माणसाला फोन करून नाही म्हणालो. का, ते विचारल्यावर कारणही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

तो म्हणाला, "काका, हे तर अजून मोठं झालं. कान गेलेल्या बाईने केलेलं शेवटचं काम. हेच सांगू की लोकांना."

"नाही."

"रागावू नका, पण तुम्हाला तर ते ऐकूही येत नाही. तुम्ही कसं ठरवणार?"

"तिला जेवढं ऐकू येत होतं तेवढंच मला येतं," मी म्हणालो. "त्याच्या वर जे आहे ते तिचं नाही."

फोन ठेवला. नंतर त्याने दोनदा केला, मी घेतला नाही. तो परत आला नाही. मला वाटलं, मिटलं.

मग मी रविवार पुन्हा सुरू केले. म्हणजे मी नुसती खोली उघडून चहा टाकायचो, शिकवायचं काम खार करायची. दीडेक महिन्याने शिकायला येणाऱ्या पोरांतला एक जण नवीन काम घेऊन आला. तो पंचविशीचा आहे आणि दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून काम करतो. त्याने लावलं. मला ठोका ऐकू आला, मग ठोका थांबला, आणि चारी जणांची तोंडं एकदम आंबट झाली.

"दवाखान्यातलं मशीन घरी आणलंस काय रे?" एकजण म्हणाला. सगळे हसले.

"हसा," दातवाला म्हणाला. "एक्सचेंजवालीचं आहे हे. शेवटचं. तिची क्लिप फिरतेय, तुम्हाला मिळाली नाही? आतापर्यंत तिघांनी वापरलंय. एका बंद गिरणीत लावलं तर लोक कानावर हात ठेवून नाचत होते."

कंपनीच्या माणसाने फोनवर घेतलं होतं तेच हे. खार बंद करायला उठली. मी राहू दे म्हणालो.

ते दात आवळून ऐकत होते आणि मला त्या जागी काहीच ऐकू येत नव्हतं. घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही. तिचं म्हणून जे पुढे चाललं होतं ते नेमकं हे. तिने वर्षभर जे या पोरांपासून लपवलं ते सांगायचा हक्क मला होता की नाही, ठाऊक नाही. मी सांगितलं.

"ते तिने केलेलं नाही. औषधाने तिचे कान गेले होते. तो आवाज तिला ऐकू येत नव्हता. मलाही येत नाही. आता तुम्ही लावलंत, तेही मला आलं नाही."

दातवाल्याने हात मांडीवर घेतले.

"मी काढतो, काका," तो म्हणाला. "पण बाकीच्यांचं काय? त्यांना सांगितलं तरी आता ते काढणार नाहीत. लोकांना आवडतंय."

"त्यांचं तू काय करणार?" मी म्हणालो.

"मग काकूंना हे काम कसं ऐकू यायचं?" त्याने हळूच विचारलं. मला त्याच्या ओठांवरून कळलं.

मी आत गेलो. तिच्या औषधांच्या खणात कापसाची गुंडाळी अजून होती. ती आणून मी टेबलावर ठेवली. "याने बारीक आवाज अडतात," म्हणत खारीने आधी आपल्या कानात बोळे दाबून बसवले, मग सगळ्यांनी बसवले. दातवाल्याने वरून तळहातही दाबून धरले. खारीने तिचं शेवटचं काम लावलं आणि आवाज वाढवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

दाटीवाटीने सगळे बसले होते. थोड्या वेळाने एकाची टाच हलायला लागली, मग दुसऱ्याची. फरशी पायाखाली थरथरत होती. भांड्यावर थेंब पडल्यासारखं ते मधलं सुरू झालं तेव्हा खारीने डोळे मिटले.

ते काम मध्येच थांबतं. तिथपर्यंतच झालं होतं. थांबल्यावरही कोणी कानातला कापूस काढला नाही. सगळ्यांच्या आधी आपण काढू नये, असं प्रत्येकाला वाटत असावं. शेवटी मीच उठलो आणि चहाचे कप गोळा केले.