सोपाऱ्याच्या पेटीत

पलीकडच्या खोलीत टिनाच्या डबीचं झाकण खट्टकन वाजलं आणि सत्यभामेचं बोट पुस्तकातल्या ओळीवर थांबलं. इतका वेळ घर निवांत होतं. मांडीवरचा धाकटा दूध पिता पिता झोपला होता, नवरा मारोती कापसाच्या जिनिंगवर गेला होता, आणि नेर गावच्या त्या भर दुपारी रस्त्यावर बैलगाडीही नव्हती. आता जावेच्या खोलीतून सुजाताचं हसू आलं. सत्यभामेची सहा वर्षांची पोटची पोर, पण असं हसायची ती तिथेच.

जाऊ मथुराबाई, सुजाताची मोठमाय. तिला मूल नव्हतं, अक्षरओळख नव्हती. गोष्ट मात्र एकदा कानावर पडली की तिची होऊन जाई. मागे विहारात आलेल्या एका वक्त्याने सोपारा नावाच्या जुन्या बंदराबद्दल सांगितलं होतं. तेव्हापासून जन्मात समुद्र न पाहिलेली ही बाई रोज गोष्टीत बंदराला जहाजं लावत होती.

"मंग पूर्ण नावाच्या व्यापाऱ्यानं चंदनाचा विहार बांधला. बुद्ध भगवान आकाशातून आले, संगं पाचशे भिक्खू. तवा दारात कोण उभं होतं?"

"आपला आजा," सुजाताचा आवाज.

"आजाचा आजा, त्याचाबी आजा. जहाजातून चंदन त्यानंच त उतरवलं."

सत्यभामेने पान जरा जोरातच उलटलं.

सोपाऱ्यावरचं हे पुस्तक तिने मारोतीला सांगून वाचनालयातून आणवलं होतं. कायले म्हणून त्याने विचारलं, तर असंच म्हणाली. धाकटा झोपला की एखादं पान, चुलीवर वरण शिजेस्तोवर अर्धं. जे जमिनीतून निघालं, त्या ओळीशी ती नखाने खूण करी. जे नुसतं सांगोवांगीचं, ते सोडून देई. खुणा वाढत गेल्या तसं तिला बरं वाटत गेलं. हे बरं वाटणं कशाचं, ते मात्र तिने तपासलं नाही.

सुजाताच्या जन्मानंतरचे दोन महिने तिला आठवतच नव्हते. बाळंतपणाचा ताप डोक्यात गेला होता. ती भानावर आली तेव्हा पोर मथुराबाईच्या मांडीवर होती. मधे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

संध्याकाळी जेवताना तिने सुजाताला जवळ ओढलं.

"सोपारा खरं हाय. बंदर होतं, मोठं होतं. पण चंदनाचा विहार कोणाले दिसला नाही. बुद्ध तिथं आले, असं म्हणतात. नुसतं म्हणतात. आन् आपला आजा तिथं होता, हे त कोणी म्हणतबी नाही."

"मंग काय सापडलं?"

"तिथं एक टेकाड होतं. खोदलं त दगडाची पेटी निघाली. तिच्यात तांब्याची, तिच्यात चांदीची, अशा एकीत एक. शेवटी सोन्याची डबी."

"सोन्याच्या डबीत काय?"

"मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असं म्हणतात."

"म्हणतात," सुजाता घास धरून म्हणाली. "सापडलं ते येगळं, म्हणतात ते येगळं."

"शहाणी माही बाई."

चुलीशी बसलेल्या मथुराबाईने निखारे सारले. "चंदन खोटं हाय त मले वास कसा आला व, सत्यभामा?" असं म्हणून ती हसली. कोणी हसलं नाही, तेव्हा हळूच म्हणाली, "असंन बाई. तू शिकलेली."

त्यानंतर पलीकडच्या खोलीतून जहाजं आली नाहीत. सुजाता आईच्या मागे मागे राहू लागली. सत्यभामेने तिच्या घट्ट वेण्या घातल्या, तिला पाटीवर सोपारा लिहायला शिकवलं. पोरीच्या केसांत तोंड खुपसून ती जरा वेळ तशीच बसली. पोर हसत मात्र नव्हती. प्रत्येक गोष्टीला विचारी, "हे सापडलं, का म्हणतात?" सत्यभामा कौतुकाने सांगे.

एका दुपारी ती धाकट्याला खांद्यावर थोपटत होती. सुजाता दोन्ही हातांत काहीतरी जपून धरून आली आणि समोर उकिडवी बसली. टिनाची डबी होती, तपकिरीची, कडा गंजलेल्या.

"मोठमायच्या पेटीत डबा हाय, डब्यात हे. सोपाऱ्यासारखंच," ती म्हणाली आणि झाकण उघडलं. खट्टकन.

आत सरकीसकट कापूस होता. त्यावर मातीच्या बोळक्याचा एक तुकडा, एका बाजूने काळा पडलेला.

"हे मीच काढलं. मोठमाय आधी ठेव म्हणे, मंग सांगितलं. तू तापात होती, मी मरून राह्यलती. तवा तिनं यातून बकरीचं दूध पाजलं मले, कापसाच्या बोळ्यानं. रातभर. मंग बोळकं फुटलं."

सत्यभामेचा थोपटणारा हात थांबला. पलीकडच्या खोलीत कसलाच आवाज नव्हता.

सुजाताने तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"सांग ना माय. हे सापडलं, का म्हणतात?"