चावी काढली तरी धूर थांबेना

मित्रांनो, घनसावंगी ते नवीन जालना या रस्त्यावर माणसं वाहून नेणारी मी एक म्हातारी जीप आहे. माझ्या अंगावरचा हा काळा डाग तुम्हाला दिसतो ना? तो कसा पडला, ते सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिली काही वर्षे बियाण्यांची पोती वाहिली. मग कल्याणने मला घेतलं. सुरुवातीला तो मला दर गुरुवारी धुवायचा. लोक म्हणायचे, "कल्याणची जीप सातला म्हंजे बराबर सातला सुटते." ते ऐकून मला फार बरं वाटे.

पुढे धुणं राहिलं. मागच्या दाराची कडी तुटली, तर तिथं बाहेरून नायलॉनची दोरी बांधली गेली. कल्याणला मोठा हॉर्न हवा होता, मोठ्याने गाणी हवी होती. त्याने बॅटरीवरून थेट एक बारीक वायर ओढली आणि पत्र्याच्या भोकातून आत आणली. त्या भोकाची कड धारदार होती. मी खड्ड्यात आदळले की वायर त्या कडेवर घासायची. तिच्यावरचा फ्यूज तीनदा जळाला. तिसऱ्यांदा कल्याण वैतागला आणि त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली.

त्यानंतर चार दिवस माझ्यातून जळका वास येत होता. खड्डा आला की वास यायचा, सपाट रस्ता लागला की जायचा. पाचव्या दिवशी तो वास झाकायला कल्याणने समोर उदबत्ती लावली.

त्या सकाळी पुढच्या सीटवर चाँदबी बसली होती. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेने नव्याने भरून देण्याचं तिचं दुकान आहे. पंचवीस वर्षे ती हेच काम करते. मागे, दोरीच्या दाराजवळ, पुंजाराम गुरुजी आणि त्यांच्या पत्नी चांगुणाबाई होत्या. चांगुणाबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांना अंधुकच दिसे. मधल्या सीटवर आणखी चौघे दाटीवाटीने बसले होते.

गाव सुटलं आणि चाँदबीने नाक वर केलं.

"कल्याण, काही तरी जळून राह्यलं."

"क्लच आसंल चाची. जुनी गाडी हाय."

"क्लचचा वास येगळा. हा वायरीचा हाय, बेटा. जळकी मोटर खोलली की बिलकुल असाच वास येतो. थांब जरा."

"उशीर झालाय. अंबडला बघतो."

"अंबड दूर हाय."

कल्याणने गाण्यांचा आवाज वाढवला. माझ्या पत्र्याआड वायरीचं वरचं आवरण वितळून ठिबकत होतं, आणि मला ते कुणालाही सांगता येत नव्हतं.

पुढच्याच खड्ड्यात मी जोरात आदळले. उघडी वायर पत्र्याला चिकटली. कल्याणच्या पायाशी पिवळसर धूर निघाला. त्याने मला रस्त्याकडेला घेतलं, चावी फिरवून बाहेर काढली. इंजिन थांबलं. धूर मात्र थांबेना, तो दाट होत गेला. खाली पडलेल्या फडक्याने पेट घेतला.

मधले चौघे उड्या मारून उतरले. मागून गुरुजींचा आवाज आला, "दार उघडा! हिला दिसत न्हाई!"

कल्याण मागे धावला. दोरीची गाठ खड्ड्यांच्या हिसक्यांनी आवळून दगडासारखी झाली होती. ती सुटेना.

"चावी काढली तरी धूर हाय," चाँदबी ओरडली. "वायर डायरेक्ट बॅटरीवरून घेतली का?"

"हाव!"

तिने माझं बॉनेट उचललं. पिशवीतून पक्कड काढली आणि बॅटरीच्या टोकावरचा नट धरला. तो गंजलेला होता, हलेना. ज्वाळा आता सीटच्या रेक्झिनला लागली होती. चाँदबीने दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावला. नट फिरला. तिने वायर ओढून बाजूला केली. वायरीची धग तिथेच थांबली.

मागे कल्याणने टायर खोलायच्या लोखंडी टामीने दोरी पिळून तोडली. दार उघडलं. गुरुजींनी चांगुणाबाईंना उचलून खाली घेतलं. त्या खोकत होत्या, पण सुखरूप होत्या. चौघांनी रस्त्याकडेची माती ओंजळींनी टाकून आग विझवली, पण माझ्या पत्र्यावर हा काळा डाग राहिला.

पत्नीच्या पाठीवरून हात फिरवत गुरुजी बांधावर बसून राहिले. कल्याण त्यांच्यासमोर उभा राहिला, मग खालीच बसला.

ट्रॅक्टरने ओढून मला चाँदबीच्या दुकानासमोर आणलं. तिने जळकी वायर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपली. पत्र्याच्या भोकापाशी ती थांबली. मग तांब्याची ती तार सापडली.

"हे कोणी केलं?"

"मीच. फ्यूज सारखा जळत व्हता."

"तो जळत व्हता तुला सांगायला. तू त्याचं तोंड बांधलं."

चाँदबीने जाड वायर नळीतून घातली, भोकाच्या कडेला रबर बसवलं, बॅटरीजवळ योग्य फ्यूज लावला. मग हॉर्न, गाणी, दिवे सगळं चालू करून कल्याणचा हात वायरीवर ठेवला.

"किती गरम लागते?"

"थंड हाय, चाची."

दाराला नवी कडी बसल्याशिवाय तिने मला जाऊ दिलं नाही.

महिन्याभरानंतरची गोष्ट. स्टँडवर भुजंगची भरलेली जीप निघत होती. कल्याणला वास आला. तो चहा टाकून धावला आणि जीपच्या पुढे उभा राहिला.

"बाजूला हो, उशीर झालाय," भुजंग म्हणाला.

"आधी समदे खाली उतरा. चावी दे. मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

भुजंगने शिव्या दिल्या. सगळे उतरेपर्यंत कल्याण हलला नाही.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, मोठी माणसं घाईत असतात. तरी गाडीत जळका वास आला तर गप्प बसू नका. गाडी थांबेपर्यंत सांगत राहा.