भरीव हात

पाय

सुरुवात पायांपासून होते. चिस्रा शहरातल्या कुठल्याही कारखान्यात विचारा, राखेच्या पेटीवरचं, मंचकावर रेललेलं मातीचं जोडपं पायांकडूनच घडवत आणतात, कारण माती ओली असते आणि डोकी जड असतात. बाईच्या पायांत टोकदार जोडे, पुरुषाचे पाय उघडे. वेल्थुरकाका बाहेरून बोटं घडवतात आणि मी मंचकाखाली निजून, कोपरापर्यंत हात आत घालून, माती खरवडून काढते.

माझं काम तेच. पोकळ करणं. मांडी, दंड, छाती, डोकं, जे काका बाहेरून भरतात ते मी आतून रिकामं करते. भिंत दोन बोटं जाडीची ठेवायची, सगळीकडे सारखी. माती भरीव राहिली की आत ओल दडून बसते, आणि भट्टीत बाहेर पडायला वाट शोधते. वाट नसली तर करते. माझे हात लहान म्हणून मला या कामाला घेतलं. आता माझ्या मुलीला मूल आहे आणि हात अजून तेवढेच आहेत.

रावन्थूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी अशीच दुसऱ्या कुणाच्या तरी जोडप्याखाली होते. मला त्यांचे फक्त पाय दिसले. धुळीचे जोडे, आणि टाचेला चिकटलेलं अंजिराचं पान.

"दोघांची राखेची पेटी करायची आहे," वरून आवाज आला. "माझी आणि मामर्केची. नवऱ्याची."

"ते कधी येतील बसायला?" काकांनी विचारलं.

पाय जरासे हलले. पान सुटलं.

"पिर्गीच्या बंदरातून गेला तो. तीन वर्षं झाली. बोट आली नाही. बोटीची फळीसुद्धा आली नाही."

तोंड

तोंडाची चिंता आमच्याकडे कुणी करत नाही. पुरुषाचा साचा एक, बाईचा एक. बदामी डोळे, टोकदार दाढी, ओठांच्या कोपऱ्यात हसू. काकांच्या वडिलांचे साचे आहेत ते. सावलीच्या छपरीत सुकायला ठेवलेली तोंडं ओळीने हसत असतात, आणि दुपारी कौलांतून उन्हाचे कवडसे त्यांच्यावरून सरकत जातात तेव्हा वाटतं, एकाने काहीतरी सांगितलं आणि ते कानोकानी पुढे चाललंय. मी तिथे जेवायला बसते. चीज, जैतुनाची फळं, सातूची भाकरी. कधी कधी खाणं विसरून ऐकत राहते.

"मेल्यावर तिकडे गेलं की सगळे एकमेकांचे भाऊच दिसतात, बाई," तोंडं बघायला आलेल्या रावन्थूबाईंना सेथ्रे म्हणाला. सेथ्रे भट्टी सांभाळतो आणि भट्टी थंड असली की तोंड चालवतो. "माझ्या सासऱ्याचं तोंड या साच्यातून काढलं, तर सासू म्हणाली, जिवंतपणी असं एकदा तरी हसला असता."

रावन्थूबाई हसल्या. मग सुकत आलेलं एक पुरुषाचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं.

"असे होते का ते?" मी विचारलं.

"असेल." त्यांनी अंगठा मातीच्या नाकावरून फिरवला. "अगं, पहिल्या वर्षी त्याचं नाक गेलं. मग डोळे. गेल्या हिवाळ्यात आवाज गेला. मी रोज उठून बघते, आज काय गेलं. एक तेवढं राहिलंय."

"काय?"

"हात. जेवायला मंचकावर रेललो की तो मागे असायचा, मी पुढे. उजवा हात माझ्या या खांद्यावर टाकायचा आणि गप्पांत विसरून जायचा की तो तिथे आहे. त्याचं वजन. ते अजून आहे." त्यांनी तोंड जागेवर ठेवलं. "पेटीत राख माझी एकटीची पडणार. समुद्राने त्याची दिली नाही. त्याचं म्हणून काही असलं तर तो हात असेल. तोंड कुठलंही लावा. हात चुकवू नका."

वजन

वजन कसं घडवायचं? काकांनी डोकं खाजवलं. शेवटी रावन्थूबाईच मंचकावर कुशीवर रेलल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एकेक जण या. ठेवा."

सेथ्रेने ठेवला.

"हा चटका देतोय."

काकांनी ठेवला.

"काका, तुम्ही माझं हाड शोधताय."

शेजारच्या कारखान्यात घड्यांवर चित्रं काढणारा ग्रीक राहतो, एउथिमोस. त्याला बोलावलं, तर तो दारातच थांबला. "आमच्याकडे नवरा-बायको एका मंचकावर जेवत नाहीत," तो म्हणाला. "बायका आत असतात."

"म्हणून तर तू वीस वर्षं इथे राहिलास," सेथ्रे म्हणाला. "ठेव हात, चावत नाहीत त्या."

त्याने ठेवला. "हा घाबरलाय," त्या म्हणाल्या. "मामर्के वादळाला घाबरायचा. जेवताना नाही."

मग सगळे आपापल्या कामाला गेले, आणि त्या तशाच पडून राहिल्या. बाहेर झाडांतले किडे भर दुपारी किरकिरत होते. "तू ठेव गं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीशी बसले आणि माझा लहानसा हात ठेवला.

"हलका आहे. पण राहू दे जरा."

राहू दिला. ऊन त्यांच्या गुडघ्यावर होतं, मग मंचकाच्या पायावर आलं, मग जमिनीवर. त्यांचा श्वास लांब झाला. मला हात काढता येईना. छपरीतली तोंडं आमच्याकडे बघत होती आणि मला वाटलं, मीच त्यांतली एक आहे, साच्यातून आत्ताच निघालेली, अजून ओली. दंडाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. हात माझा राहिला नाही. खांद्यावर कुणीतरी काहीतरी ठेवून गेल्यासारखा तो तिथे पडला, जड.

झोपेत रावन्थूबाई म्हणाल्या, "आलास?"

मी हात तसाच ठेवला. 

काकांनी हात छान घडवला. लांब बोटं, अंगठा जरा सुटलेला, विसरलेला. संध्याकाळी नेहमीसारखी खरवडायची पळी घेऊन मी बसले. मनगटातून आत शिरायचं, तळवा रिकामा करायचा, एकेक बोट पोखरायचं. हजार वेळा केलंय. तो हात मी उचलून बघितला. माझा त्या दुपारी झाला होता तेवढाच जड होता.

पळी धुऊन ठेवून दिली.

जास्त सुकवू, एवढंच मनाशी म्हणाले. महिनाभर जास्त. मग हात पुरुषाच्या मनगटाशी जोडला आणि बाईच्या ओल्या खांद्यावर टेकवला. जोडपं आता पुरं झालं होतं. उद्या तार लावून ते मधोमध कापणार होते, कारण अख्खं जोडपं भट्टीत मावत नाही. पायांचा अर्धा भाग वेगळा, डोक्यांचा वेगळा. मी काकांना सांगणार होते की हात

काप

भरीव आहे, पण तार ताणली होती आणि काका श्वास रोखून उभे होते, तेव्हा बोलायचं नसतं. नंतर दोन अर्धे दोन फळ्यांवर गेले. नंतर ओली फडकी घालायची होती. नंतर ती काढायची होती. महिना गेला, दुसरा गेला. मी सांगितलं नाही.

सुकताना जोडपं बारीक होतं. दहातला एक भाग आकसतो. रोज दुपारी मी त्यांच्याजवळ भाकरी खायचे आणि वाटायचं, ते दोघे हळूहळू दूर चाललेत, हसत, बोटीतून गेल्यासारखे, आणि किनारा मी आहे.

हात

सत्तावीस तुकडे. सगळ्यांत मोठा अंगठ्याचा.

खांदा

"माझ्या भट्टीत कोण शिंकलं म्हटलं," सेथ्रे म्हणाला. सकाळ होती, भट्टी उघडली होती, आणि या वेळी तो हसत नव्हता.

वेल्थुरकाका तुकडे तळहातावर घेऊन बघत होते. कडा बघून समजायला त्यांना दोन श्वास लागले.

"भरीव होता."

"हो," मी म्हणाले.

"विसरलीस?"

"नाही."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "नवीन करतो," ते म्हणाले. "पोकळ. खुंटीवर बसवू, सांधा रंगाखाली जाईल. बाईंना कळायचं कारण नाही. आणि हे काय?"

ते बाईच्या खांद्याकडे बघत होते. खांदा वाचला होता, नुसता टवका गेला होता. पण त्यावर खळगा होता. चार बोटांचा, मागे तळव्याचा, बाजूला सुटलेल्या अंगठ्याचा. पोकळ हात खांद्यावर नुसता टेकतो. हा भरीव होता. ओल्या मातीत तो आपल्या भाराने रुतला होता, कुणी न दाबता, त्या दोन महिन्यांत.

"चाळीस वर्षांत," काका म्हणाले, "एकाही बाईच्या खांद्यावर वळ उठला नाही माझ्या हातून." त्यांनी बोट घालून खोली बघितली. "चुना भरून सपाट करून टाक."

मी चुना कालवला. कालवून बसून राहिले. दुपारी रावन्थूबाई आल्या तेव्हा तो वाटीत घट्ट झाला होता.

त्यांना आधी पुरुषाचा हात दिसला, मनगटाशी तुटलेला. मग माझं तोंड.

"मी केलं," मी म्हणाले. "आतून कोरायचा होता तो मी कोरला नाही. रिकामा हात तुमच्या खांद्यावर ठेवायचा माझा धीर झाला नाही. म्हणून फुटला. काका नवीन देतील, चांगला. पण तो पोकळ असेल. तुम्हाला न सांगता बसवणार नाही."

"फास्तिया!" मागून काका म्हणाले.

रावन्थूबाईंनी ऐकलं की नाही माहीत नाही. त्या मंचकाशी गुडघ्यांवर बसल्या, तेव्हा मातीच्या बाईचा खांदा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.  मग आपली बोटं त्यांनी खळग्यात ठेवली. एकेक. अंगठा शेवटी.

"तो उठून जायचा ना," त्या म्हणाल्या, "पेला भरायला, दाराशी कोण आलं बघायला. तेव्हा हे राहायचं. इथे. थोडा वेळ ऊब, मग नुसती जागा. मी हलायचे नाही. हलले तर जाईल म्हणून."

"नवीन हात..." काकांनी सुरुवात केली.

"नको."

"बाई, तुटका हात थडग्यात? लोक म्हणतील वेल्थुरला हात जमला नाही."

"म्हणू देत. हात तो घेऊन येईल, त्याच्याजवळ आहे." त्या उठल्या नाहीत. "आणि नाही आला, तर जागा तर धरून ठेवली असेल मी."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे. वाटी उचलून ते बाहेर गेले आणि दगडावर आपटून चुना काढताना मला ऐकू आले. थोड्या वेळाने ते रंग घेऊन आले. बाईचे जोडे तांबडे केले, पुरुषाची दाढी काळी. खांदा स्वतः रंगवला, पांढरा, सगळ्यांत बारीक कुंचल्याने, खळग्यात रंग साचू न देता.

रावन्थूबाई तोवर तिथेच, मातीच्या जोडप्याच्याच पाठीशी रेलून झोपल्या होत्या. झोपेतही हलल्या नाहीत.