सहीआधीचा श्वास

भावाने, कुंदनने, डोक्यावर हात ठेवला की छायाच्या पोटात ढवळायचं. ओलसर हात, त्याला चंदनाच्या अत्तराचा वास, आणि वर तो मधाळ आवाज. "छाया, श्वास आत घे... आता सावकाश सोड... सगळं सोडून दे." सगळं म्हणजे काय, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मखमलाबादचा बापाचा मळा.

बाप सावळीराम जाऊन वर्ष होत आलं होतं. गोदाकाठी गंगेवर दशक्रिया चाललेली, कावळा पिंडाला शिवून जेमतेम उडालेला, तेवढ्यात मुंडण केलेल्या कुंदनने बहिणीला बाजूला घेऊन हक्कसोडीचं काढलं. बोटांना चिकटलेला पिंडाचा भात तरी आधी धुवायचा! बहिणीने भावाला हक्क सोडून द्यावा आणि दिवाळीला एक साडी घ्यावी, असा रिवाजच आहे. जी सोडणार नाही, तिला माहेर बंद. आणि याला लोक भावाबहिणीचं प्रेम म्हणतात.

तशी छायाची ना नव्हती. दिंडोरीला सासर, खाऊनपिऊन सुखी, मळा तिला नकोच होता. पण एकदा वहिनी मोठ्या कौतुकाने बोलून गेली, "मळा विकला की नाशिक रोडला फ्लॅट घेतोय. आईंसाठी मागच्या गॅलरीला काच लावून घेणार. मस्त ऊन येतं तिथं." म्हणजे जन्मभर गुलाबाच्या नि झेंडूच्या वाफ्यांत वावरलेली नवसाबाई आता गॅलरीत राहणार, वाळत घातलेल्या कपड्यांखाली! मळ्यातल्या तिच्या दोन खोल्या बिल्डर पाडणार. त्या दिवसापासून भावाच्या घरचा चहासुद्धा छायाच्या घशाखाली उतरेना.

पण हे तोंडावर बोलायची छाती नव्हती. बोलायला जावं तर काळीज धडधडायचं, हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा म्हणाला, "तुझं माहेर, तुझं तू बघ." मार्चमध्ये कुंदनने तिला हक्कसोडीच्या सहीसाठी रजिस्टर ऑफिसात नेलं, तर तिला पेन धरवेना. तिथले साहेब म्हणाले, "ताई, तुमची तब्येत बरी दिसत नाही. बरं वाटलं की या." कुंदनचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

पण हार मानेल तो कुंदन कसला! त्या वर्षी नाशकात श्वासाच्या शिबिरांचं नुसतं पेव फुटलं होतं. हाही दोन शिबिरं करून पांढरा झब्बा घालून फिरत होता. दर रविवारी गाडी काढून तो दिंडोरीला येऊ लागला आणि बहिणीला समोर बसवू लागला.

"तुला टेन्शन आहे, बाकी काही नाही," तो सांगायचा. "श्वास घेतलास त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. सोडताना काळजाला ब्रेक लागतो. नाडी उतरते, हात कापायचा थांबतो. डॉक्टर लोकसुद्धा मानतात हे."

किळस याची, की ते खरं होतं. पहिल्या रविवारी तिने चिडून, नाक मुरडत श्वास घेतला. तिसऱ्या रविवारपर्यंत मनगटावर बोट ठेवलं की नाडी सावकाश लागायला लागली. खांदे सैल पडले, झोप येऊ लागली. विद्या अस्सल होती, आणि ती या माणसाच्या तोंडून यावी याचाच तिला वीट आला. तो 'सोड' म्हणायचा आणि शरीर मुकाट्याने सोडायचं. आपलंच अंग फितूर झालं म्हणून तिला स्वतःचीही शिसारी आली.

जूनमध्ये कुंदन आईला आणि छायाला गाडीत घालून पुन्हा रजिस्टर ऑफिसात घेऊन गेला. दाराशी गाडी थांबवून त्याने आधी छायाला डोळे मिटायला लावले. मागच्या सीटवरून नवसाबाई म्हणाली, "माझंबी लय धडधडतंय रे. मलाबी सांग ना ते."

"तुला काय करायचंय, आई? तुला तुझ्या हिश्श्याचा नुसता अंगठा द्यायचाय," कुंदन म्हणाला.

आत कॅमेऱ्यापुढे फोटो झाला. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "वाचून, समजून, स्वखुशीने सही करताय ना, ताई?"

छाया धडधडीची वाट बघत राहिली. ती आलीच नाही. हात पेनावर दगडासारखा स्थिर होता. कुंदन तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, अत्तराचा वास नाकात शिरत होता, आणि पोटात ढवळत होतं, अगदी पहिल्यासारखंच. दूध निवल्यावर फेस बसतो तशी भीती बसली होती. किळस मात्र तसूभरही कमी झाली नव्हती. म्हणजे हा आजार नव्हता, टेन्शनही नव्हतं. तिला जे वाटत होतं ते बरोबरच वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"स्वखुशी नाही, साहेब. आईला मळ्यातून काढायला मी सही देणार नाही."

कुंदन तिच्या कानाशी वाकला. "माहेर तुटलं म्हणून समज."

"तुटू दे. तुझ्या हातचं पाणीसुद्धा नकोसं वाटतं मला, दादा. लय दिवस झाले. भीतीपायी बोलत नव्हते."

ऑफिसातली माणसं माना वळवून बघू लागली. साहेबांनी कागद मागे ओढून घेतला. कुंदनच्या कपाळावर घाम फुटला, झब्ब्याच्या आत छाती भात्यासारखी हलायला लागली.

"निदान आईचा अंगठा तरी घ्या," म्हणत त्याने नवसाबाईचं मनगट पकडलं आणि शाईच्या पॅडकडे ओढलं.

नवसाबाईने हात सोडवून पदरात घेतला. "थांब रे बाबा. माझं अजून धडधडतंय."

"आई, वेळ नाही आता!"

"हिचं थांबलं तव्हाच हिला खरं बोलता आलं नं? मग माझं थांबू दे," म्हातारी म्हणाली. ती लेकीजवळ बाकावर बसली आणि तिने डोळे मिटले. "छाया, सांग गं. आधी आत घेऊ का बाहेर सोडू?"