काचेबाहेरची चकती

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर बटाटे उकडलेल्या पाण्याचे दोन ग्लास होते. एक गढूळ, वास मारणारा, दुसरा नितळ. नितळ ग्लासच्या तळाशी नाण्याएवढी पांढरी चकती.

"पाणी एकाच पातेल्यातलं!" मणीमहाराज गरजले. "जिथे हा मणी, तिथे रोग नाही. याची स्पंदनं थेट हाडात शिरतात, बरं का!"

पहिल्या रांगेत अण्णा, निवृत्त बसचालक. खुब्याचा सांधा बदलल्यावर त्यांची जखम चिघळली होती. गोळ्या सोडून त्यांनी तसलाच मणी जखमेवर बांधला होता. अंगात ताप, तोंडी जयजयकार.

त्यांना न्यायला आलेली सून दारातच थबकली. चकत्या तिच्या प्रयोगशाळेतल्या होत्या. कृत्रिम सांध्यांवरच्या सिरॅमिकच्या थरात चांदीचे आयन मिसळायचे, म्हणजे त्यावर जंतू टिकत नाहीत, हे तिचं काम. कडा उडालेल्या मूठभर चकत्या तिनेच घरी आणल्या होत्या. "हे काय गं?" अण्णांनी विचारलं, तेव्हा "यावर जंतू मरतात. बाकी तुम्हाला नाही कळायचं," म्हणून तिने मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

आता तिला मान वर करवेना. तरीही ती मंचावर गेली.

"महाराज, चकती ग्लासच्या बाहेरून बांधा ना. हाडात शिरणाऱ्या स्पंदनांना काचेची काय अडचण?"

"बांधा, बांधा!" लोक ओरडले. महाराजांना माघार घेता येईना. नव्या ग्लासात तसलंच पाणी भरून, बाहेरून चकती बांधून तो सभागृहातल्या कपाटात कुलूपबंद केला. सुनेने अण्णांना तडक रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला. सांधा थोडक्यात वाचला.

शुद्धीवर आल्यावर अण्णा पुटपुटले, "चकत्या मीच दिल्या त्याला. म्हटलं, आपल्या सूनबाईचं काम जगाला कळेल. आणि तो निदान समजावून तरी सांगायचा गं."

तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

चार दिवसांनी सभागृहात सगळ्यांसमोर कपाट उघडलं, तेव्हा पाणी नासलं होतं.

"कुणाच्या तरी मनात शंका होती!" महाराज कडाडले.

"माझ्या होती," सून म्हणाली. "पण चकती आत असती, तर शंकेनं पाणी नासलं नसतं. चांदीचे आयन पाण्यात उतरून तिथले जंतू मारतात. काच ओलांडत नाहीत, की कातडीवरून हाडापर्यंत पोचत नाहीत. म्हणून तर थर सांध्यावरच द्यायचा असतो. हे मी घरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, याची लाज वाटते. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, कसा केला? आम्हा शिकलेल्यांनाही विचारा. टाळाटाळ केली तर सोडू नका."

गर्दीतल्या एका बाईने मुलीच्या दंडावरची चकती सोडली. खाली जखम हिरवट झाली होती.

"ताई," तिने मान खाली घालूनच विचारलं, "आता हिला कुठे नेऊ?"